शेवटच्या पायरीवरचा मग

दार कोणी वाजवले नाही. कोणीतरी त्यावर अंगच टाकले. भाऊजींच्या हातातली पेन्सिल घसरली आणि सकाळपासून जपून आखलेल्या रेषेला शेपूट फुटले.

वहिनींनी दार उघडले. बाहेर पंचावन्नच्या आसपासची एक थोराड बाई उभी होती. एका हाताने तिने विशीतल्या मुलीचा दंड घट्ट धरला होता. दुसऱ्या हाताच्या मुठीत एक लांबलचक लोखंडी किल्ली होती. मुलीच्या एकाच पायात चप्पल होती.

“चौकशीबाई तुम्हीच ना?” बाई म्हणाली. “हिला आधी बसवा कुठंतरी. सगळ्या रस्त्यानं धावत आलीय पोर. खरं सांगायचं तर मीही.”

वहिनींनी दोन खुर्च्या ओढल्या. पतीच्या निधनानंतर त्यांचे खाजगी चौकशीचे कार्यालय त्यांनी हाती घेतले, त्याला अकरा वर्षे झाली होती. त्याआधी त्या विमा कंपनीसाठी अपघातांची पाहणी करीत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. बोटींच्या कारखान्यात तीस वर्षे नकाशे आखून निवृत्त झालेले. विचार वहिनी करीत, मोजमापे भाऊजी घेत, आणि दोघांच्या वाट्याचे घाबरणेही तेच उरकून टाकीत.

आलेली बाई शहरातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक होती. धक्क्याजवळच्या जुन्या होडीशाळेत तिचा पब होता. नावाची पाटी खाऱ्या वाऱ्याने केव्हाच खाऊन टाकली होती. विद्यापीठातली मुले त्याला ‘मावशीकडे’ एवढेच म्हणत. परीक्षा संपली, चला मावशीकडे. प्रेमभंग झाला, तरी मावशीकडेच. सोबतची मुलगी मात्र तिच्या सख्ख्या बहिणीची लेक होती. समुद्रशास्त्र शिकत होती आणि मावशीजवळच राहत होती.

“आमच्याकडं एक रीत आहे,” मावशी सांगू लागली. “नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा स्वतःचा मग. त्यावर ज्याची त्याची खूण. छताच्या तुळयांना आकडे आहेत, त्यांना ते टांगलेले असतात. एखादा कायमचा शहर सोडून निघाला, की जाण्याच्या दिवशी सकाळी तो आपला मग तळघरात नेऊन शेवटच्या पायरीवर ठेवतो. दिवसभर त्याला कोणी शिवायचं नाही. संध्याकाळी सगळे जमले, की आमचा कप्तान तो धुऊन खालच्या फळीवर मांडायचा.”

“कप्तान म्हणजे?”

“तळघर सांभाळायचा. जन्म बोटीवर काढलेला माणूस. बाई, नऊ दिवसांपूर्वी शेवटच्या पायरीशी मरून पडला. हातात त्याचाच मग होता. तो कुठंही जाणार नव्हता हो! डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आम्ही गप्प बसलो. आणि आज सकाळी...”

“आज माझा मग होता तिथं,” मुलगी म्हणाली. आवाज इतका बारीक, की भाऊजींना पुढे वाकावे लागले. “पिंपाचा नळ बघायला खाली गेले होते. वरूनच दिसला. आणि मगाच्या भोवती, अगदी जमिनीलगत, पांढरं काहीतरी सरपटत होतं. वाफ नव्हे, धूर नव्हे. मी किंचाळत वर पळाले.”

भाऊजी खुर्चीवरून उठले. “वहिनी, हे पोलिसांकडं—”

“पोलिसांना काय सांगू?” मावशी तडकली. “पायरीवर मग सापडला, अटक करा त्याला? मी दाराला कुलूप घातलं, किल्ली मुठीत घेतली आणि हिला ओढत तुमच्याकडं आणली. चौकशीबाई, कप्तान तर गेला. ही पोर उद्या या वेळेला जिवंत पाहिजे मला. बाकी काही मागणं नाही.”

वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पावणेबारा झाले होते. “भाऊजी, टेप घ्या. आणि एक मेणबत्ती.”

“मेणबत्ती? तळघरात दिवा नाही का?”

“दिवा आहे,” मावशी म्हणाली.

“असू दे,” वहिनी म्हणाल्या. “मेणबत्ती हवीच.”

भाऊजींना हे उत्तर मुळीच आवडले नाही.

*

होडीशाळेच्या उंच छताला शेकडाभर मग उपडे टांगलेले होते. वारा दारातून आत आला, की ते एकमेकांवर हलकेच आपटत. एरवी तो आवाज भाऊजींना गोड वाटला असता. आज दात वाजल्यासारखा वाटला. दोन आकडे रिकामे होते.

मावशीने तळघराचे कुलूप काढले. खाली पिंपांची एक बुटकी खोली होती, खिडकी नाही. तिच्या टोकाशी चार पायऱ्या आणखी खाली एका खड्ड्यात उतरत होत्या. एके काळी होड्या बांधताना त्यांचा तळाचा कणा तिथे उतरवीत. तळाशी जुन्या मगांची फळी होती. त्यामागच्या दगडी भिंतीत तांब्याचे लहान लहान खिळे ओळीने ठोकलेले होते, प्रत्येकाजवळ तारीख कोरलेली.

“हे कप्तानाचं वेड,” मावशी दारातूनच म्हणाली. “अमावास्या-पौर्णिमेला दगडांतून समुद्राचं पाणी पाझरतं. जिथवर चढेल तिथं खिळा. एकतीस वर्षं एकही चुकवला नाही.”

शेवटच्या पायरीवर मग होता. त्यावर खेकडा रंगवलेला.

“भाऊजी, खड्ड्याचं माप घ्या. पण वाकायचं नाही. पायऱ्या उतरायच्या नाहीत. टेप वरून सोडा.”

“का?” भाऊजींनी विचारले, आणि विचारल्याबद्दल त्यांना लगेच पश्चात्ताप झाला.

त्यांनी मापे घेतली. साडेपाच फूट लांब, चार फूट रुंद, साडेतीन फूट खोल. वहिनींनी मेणबत्ती पेटवून एका काठीला बांधली आणि सावकाश खाली सोडली. ज्योत सरळ होती. एक फूट. दीड फूट. मग कोणी चिमटीत धरावी तशी ती विझली.

वारा नव्हता. पाण्याचा थेंब नव्हता. वहिनींनी ती पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. बरोबर त्याच पातळीवर ती पुन्हा विझली.

“तळापासून दोन फूट,” वहिनी म्हणाल्या. “लिहून घ्या.”

भाऊजींनी आकडा लिहिला आणि वही मिटून छातीशी धरली. त्यांच्या बुटांपासून हातभर अंतरावर काहीतरी होते. त्याला रंग नव्हता, वास नव्हता, आणि ते ज्योत गिळत होते.

“मावशी, पिंपांना दाबासाठी वायूचे सिलिंडर लागत असतील. ते कुठं आहेत?” वहिनींनी विचारले.

“मागच्या अंगणात. कप्तान गेल्यावर फ्रीजवाल्यानं सगळे बाहेर काढून ठेवले. नळ्या लांबवल्या. म्हणाला, उगाच शंका नको. तेव्हाही तपासले होते त्यानं, एकही गळत नव्हता.”

“म्हणजे सिलिंडर बाहेर, आणि हे आत.” वहिनींनी पदर खोचला. “भाऊजी, मला जाड हातमोजे, गोणपाट आणि थर्माकोलचा डबा आणून द्या. मावशी, एक टेबलफॅन. आणि मी खाली काय करते ते बाहेर कोणाला कळता कामा नये.”

भाऊजी सामान देऊन दारापाशी थांबले. थोड्या वेळाने वहिनी वर आल्या. तोंड लाल, हातात गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी. ते त्यांनी डब्यात ठेवून झाकण लावले.

“पायऱ्यांमागच्या पोकळीत होतं. दम कोंडून ओढून काढलं.”

“काय आहे ते?”

“थंडी,” वहिनी म्हणाल्या, आणि तळघरात पंखा सुरू करून त्यांनी दार फटीपुरते उघडे ठेवले.

*

त्या दिवशी सकाळी, मावशी आणि भाची सोडून, पबमध्ये तिघेच आले होते. पुढच्या दालनात, उघड्या दारांच्या उजेडात, वहिनींनी एकेकाला समोर बसवले.

पहिला फ्रीजवाला. थंडाव्याची यंत्रे दुरुस्त करणारा, अंगावर ग्रीसचे डाग असलेला गोलमटोल माणूस. तो बोलू लागला की थांबत नसे.

“कप्तानाला मीच वर आणला बाई. माझ्या आधी प्राध्यापक गेले होते खाली, त्यांनी हाक मारली म्हणून मी धावलो. वाकून त्याला काखेत धरलं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. डोकं भणभणलं. म्हटलं, गडी आपणही चाललो. कसाबसा वर आलो. बायको म्हणते, तू भित्रा आहेस. असेन! प्रेत उचलायची सवय नाही मला, फ्रीज उचलायची आहे.”

“आज खाली जाल?”

“बायकोला विचारून सांगतो,” तो म्हणाला. पण हसला नाही.

दुसरा मावशीचा धाकटा भाऊ. त्याला सारे मामा म्हणत. कडक इस्त्रीचा सदरा, नाकावर माशी बसू न देण्याचा आविर्भाव.

“ताईला किती वेळा सांगितलं, हे तळघर बुजव, वर चांगलं हॉटेल काढू. टांगलेले मग काय, खिळे काय! लोक हसतात. पण कप्तान आडवा यायचा.”

“मग आता अडथळा गेला.”

मामाचा चेहरा उतरला. “असं बोलू नका. मला त्याचा राग यायचा, पण मी लहानपणी बुडत होतो, तेव्हा त्यानंच मला ओढून काढलं होतं. तळघर बुजवायचं नाही म्हणते ताई. निदान भिंतीला गिलावा तरी करू, एवढं मान्य करून घेतलंय. परवा गवंडी येतोय.”

“तुम्ही शोधलात गवंडी?”

“छे! मला कुठला मिळतोय? प्राध्यापकांनी पाहून दिला. गिलाव्याची कल्पनाही त्यांचीच. दमट भिंत तब्येतीला वाईट म्हणाले.”

तिसरे प्राध्यापक. समुद्रशास्त्र विभागाचे प्रमुख. भरतीच्या उंचीवर त्यांनी लिहिलेले जाडजूड पुस्तक विद्यापीठात अभ्यासाला होते. कोपऱ्यातले टेबल वीस वर्षे त्यांचे होते. टेबलाखाली त्यांचा नमुन्यांचा जाड झाकणाचा डबा असे. किनाऱ्यावरचे मासे, शेवाळ त्यात भरून ते प्रयोगशाळेत नेत.

“बिचारी मुलगी,” ते हळहळले. “माझ्याच मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहिते आहे. कप्तानाच्या त्या खिळ्यांवरच. हुशार आहे, पण मनाने हळवी. मी सकाळी म्हटलेही, मी जाऊन तो मग घेऊन येतो, भीती संपवून टाकू. पण मावशींनी कुलूप घातले.”

“कप्तानाला प्रथम तुम्ही पाहिलंत?”

“हो. खाली धावलो, त्याच्याजवळ गुडघे टेकले, छातीला कान लावला. तीन मिनिटे तरी तसाच होतो. ठोका नव्हता. खालची हवा विषारी आहे वगैरे मुले बडबडतात. मला तर काहीच झाले नाही.”

त्यांनी कपाळावर हात फिरवला. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांना नवी गुलाबी कातडी आली होती.

“भाजलं का?” वहिनींनी सहज विचारले.

“चहाचे पातेले. एकटा माणूस, काय करणार!”

भाऊजींना त्या तिघांत फ्रीजवाल्याचाच संशय आला. वायूची माहिती त्यालाच होती. त्यांनी तसे वहीत लिहून वहिनींपुढे सरकवले. वहिनींनी वाचले आणि खाली लिहिले : ‘मग तो भोवळ आल्याचं का सांगेल?’

*

चार वाजता वहिनींनी सर्वांना पुन्हा बोलावले. काउंटरच्या टोकाला साध्या कपड्यांतला एक गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसला होता. मावशीच्या भाचीने एका खांबाला दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.

“माझं एकच काम आहे,” वहिनी म्हणाल्या. “एकेकानं तळघरात जायचं, शेवटच्या पायरीवरचा मग उचलून मला आणून द्यायचा. काम झालं, की मागच्या दारानं अंगणात जाऊन थांबायचं.”

“आणि खाली मेलो तर?” फ्रीजवाला म्हणाला.

“तर भाऊजी वर आणतील.”

भाऊजी एक पाऊल मागे सरले.

वहिनी आणि भाऊजी खड्ड्याच्या काठाशी ताठ उभे राहिले. पंखा पिंपांमागे दडवलेला होता. दिवा मुद्दामच मंद ठेवलेला. वहिनींनी हवा तपासली होती हे भाऊजींना ठाऊक होते; तरीही प्रत्येक श्वास त्यांना मोजून घ्यावासा वाटत होता.

फ्रीजवाला आला तो बडबडतच. “देवा, बायको, पोरं... एक पायरी, दोन पायरी...” तो मगापाशी वाकला, तेवढ्यात वहिनींनी विचारले, “मगावर खूण कसली आहे?”

“खेकडा आहे हो! तिरका चालतोय. मीही तसाच पळणार आहे आता.” तो मग देऊन जिन्यावरून धडधडत गेला.

वहिनींनी मग पुन्हा पायरीवर ठेवला. मामा आला. त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याला पाठीवर घामाचा डाग होता. वाकल्यावर तोच प्रश्न.

“खेकडा! झालं समाधान? पोरीला घाबरवायचा काय हा खेळ!” आवाज फुटला होता, पण उत्तर ताबडतोब आले.

शेवटी प्राध्यापक. पिंपांच्या खोलीत ते शांतपणे चालत आले. खड्ड्याच्या काठावर क्षणभर थांबले. मग झपाट्याने चार पायऱ्या उतरले आणि वाकले.

“सर, मगावर खूण कसली आहे?”

उत्तर नाही.

“सर?”

मंद दिव्यात भाऊजींना त्यांची मान दिसली. तिच्यावरची शीर दोरीसारखी ताठली होती. गाल फुगले होते. प्राध्यापकांनी मग उचलला, पायऱ्या चढले, खोली ओलांडून जिन्यापर्यंत पोचले, आणि तिथे त्यांच्या तोंडातून श्वास फुगा फुटावा तसा बाहेर पडला.

“खेकडा,” ते धापा टाकीत म्हणाले. “खेकडा आहे.”

“इतक्या उशिरा का सांगितलंत?” वहिनींनी अगदी मऊ आवाजात विचारले. “खाली बोलायला काय हरकत होती?”

*

दालनात सारे पुन्हा जमले. प्राध्यापक आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते आणि वर्तमानपत्रवाला गृहस्थ आता त्यांच्या शेजारी होता. तो शहराचा फौजदार होता.

“त्या खड्ड्यात भूत नव्हतं,” वहिनींनी सुरुवात केली. “वायू होता. हवेहून जड, म्हणून तळाशी साचून राहतो. उभ्या माणसाला काही होत नाही. वाकला, की एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. मेणबत्ती दोन फुटांवर विझली ती त्यामुळं. सिलिंडर तर अंगणात होते. मग वायू आला कुठून? पोरीनं पाहिलेलं ते पांढरं आठवा. जमिनीलगत सरपटणारं, धूर नाही, वाफ नाही. ड्राय आइसभोवती, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडभोवती, दमट हवेत तसंच धुकं धरतं. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो. मागं काही उरत नाही. भाऊजी, हिशोब सांगा.”

भाऊजींनी वही उघडली. “साडेपाच गुणिले चार गुणिले दोन. चव्वेचाळीस घनफूट. तेवढ्या जागेला अडीच किलो पुरे.”

“नमुने थंड ठेवायच्या डब्यात तेवढा सहज मावतो. आज तो पोकळीतच अडकला, कारण पोर वेळीच किंचाळली आणि मावशीनं कुलूप घातलं. प्राध्यापक मग आणायला निघाले होते ते हे तुकडे काढून न्यायलाच. नऊ दिवसांपूर्वी मात्र त्यांना वेळ मिळाला. कप्तान पडल्यावर ते एकटे खाली गेले, उरलेले तुकडे घाईत उघड्या हातानं उचलले. बोटं भाजली ती चहानं नाही. अति थंडीनंही कातडी तशीच जळते.”

“पण पायरीवर तो मग कशाला ठेवायचा?” मामाने विचारले.

“आमिष म्हणून. माणसाला त्या खड्ड्यात वाकवायचं कसं? दुसऱ्याच्या मगाला संध्याकाळपर्यंत कोणी शिवत नाही, ही इथली रीत. पण आपलाच मग तिथं दिसला, तर कोणीही आधी तो उचलणार. कप्तानानं उचलला. ही पोर घाबरली, म्हणून वाचली.”

फ्रीजवाल्याने डोके धरले. “म्हणजे मला आलेली ती अंधारी...”

“खरी होती. तुम्ही भित्रे नाही, बायकोला सांगा. तुम्ही क्षणभर वाकलात तरी भोवळ आली, आणि तुमच्याही आधी गेलेले प्राध्यापक म्हणे तीन मिनिटं छातीला कान लावून बसले. दोघांपैकी एक खोटं बोलत होता. हवा चांगली असल्याचं पटवून देण्याची घाई ज्याला, तो. म्हणून मी आज दोन तास पंखा लावला, हवा स्वच्छ केली आणि कोणाला सांगितलं नाही. तिघंही घाबरलेले होते. पण दोघं भुताला घाबरले, त्यांनी भरभरून श्वास घेतले. तिसरा हवेला घाबरला. तळाशी विष आहे हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.”

वर मग एकमेकांवर किणकिणले.

“सर,” मुलगी खांब सोडून पुढे आली. “दोन आठवड्यांपूर्वी मी तुम्हाला सांगितलं होतं. कप्तानकाकांचे खिळे आणि तुमच्या पुस्तकातली मापं जुळत नाहीत म्हणून. तुम्ही म्हणालात, भिंत खचली असेल.”

प्राध्यापकांनी आपल्या बोटांकडे पाहिले.

“अकरा वर्षे मी भरती मोजायला धक्क्यावर गेलोच नाही,” ते म्हणाले. “खोलीत बसून आकडे भरले. जुन्या आकड्यांवरून अंदाज बांधता येतो, असे वाटले. कोणी पडताळून पाहील, ही कल्पनाच नव्हती. आणि एक म्हातारा खलाशी खाली खिळे ठोकीत बसला होता.” ते तिच्याकडे न पाहता म्हणाले, “तू चांगली विद्यार्थिनी आहेस.”

मुलीने दोन पावले मागे घेतली. मावशीने तिला पोटाशी धरले, आणि तेव्हा कुठे मावशीच्या मुठीतली किल्ली सुटून जमिनीवर पडली.

*

गवंडी ठरल्या दिवशी आला आणि परत गेला. गिलावा नको म्हणून मामानेच त्याला सांगितले.

पुढच्या अमावास्येच्या दुपारी होडीशाळा विद्यार्थ्यांनी भरून गेली होती, पण गोंगाट नव्हता. काउंटरवर एक जुना मग होता. त्यावर जहाजाचे सुकाणू रंगवलेले. मगाच्या मालकाने तो निरोपासाठी खाली न्यायला हवा होता. त्याच्याऐवजी कोणी न्यावा, हे ठरत नव्हते.

“मी नेतो,” भाऊजी म्हणाले.

वहिनींनी भुवया उंचावल्या. “तुम्ही?”

“सवय व्हायला नको का? दर वेळी काय, तुम्हीच दम कोंडायचा?”

एका हातात मग, दुसऱ्यात पेटती मेणबत्ती घेऊन ते खाली उतरले. मागे मुलगी होती, तिच्या हातात हातोडी आणि तांब्याचा खिळा. भाऊजी प्रत्येक पायरीवर थांबून ज्योत पाहत होते. शेवटच्या पायरीशी ते वाकले. ज्योत दीड फुटावर आली, एक फुटावर आली, पाण्याच्या काळ्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकली, आणि तिथेही सरळ जळत राहिली.

त्यांनी मग पायरीवर ठेवला आणि खोल श्वास घेतला. समुद्राचा वास होता, बाकी काही नाही.

“पाणी कुठवर आहे, काका?” मुलीने विचारले.

भाऊजींनी टेप भिंतीला लावला, दोनदा मोजले, आणि बोट टेकवून जागा दाखवली. “इथं,” ते म्हणाले. “ठोक.”